आपटलेला आरसी ट्रक: दुरुस्त करावा, ब्रशलेस करावा की नवाच घ्यावा?

हरभरा निघाला की रान मोकळं होतं आणि आरसी, म्हणजे रिमोटवरचा छोटा ट्रक पळवायला याहून चांगली जागा नाही. परभणीकडच्या आमच्या शेतात भाच्यानं त्याचा एकास दहा मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा इलेक्ट्रिक ट्रक पूर्ण वेगात सोडला आणि तो थेट बांधावरच्या दगडावर गेला. पुढचा उजवा आर्म (चाक धरणारा दांडा) तुटला, शॉक टॉवरला (शॉक जिथे अडकतात त्या पट्टीला) चीर गेली, सर्वोचे (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरीचे) दात झडले. संध्याकाळी त्यानं विचारलं, "मामा, नुसता नीट करावा का आता ब्रशलेसच टाकावी? का नवाच घ्यावा?" ब्रशलेस म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर.

पैसे कशात घालायचे हे ठरवण्याआधी ट्रक पूर्ण उघडा. चाकं काढा आणि रिकामी चेसिस स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा. चारही कोपरे टेकले नाहीत, ती डुगडुगली, तर तिला पीळ बसलाय. असा ट्रक रिमोटवरून कितीही ट्रिम केला, म्हणजे दिशा जुळवली, तरी सरळ धावत नाही. डिफ (गिअरबॉक्समधला, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच) हातानं फिरवून करकर लागते का बघा. ईएससीला (मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) जळका वास येतो का, तेही बघा. चेसिस, ईएससी आणि गिअरबॉक्स अशा तीनपैकी दोन गोष्टी गेल्या असतील तर मी दुरुस्तीच्या नादी लागणार नाही. नवा घेईन आणि जुन्याचे शॉक, चाकं, रिसीव्हर जपून ठेवीन. फक्त नवा घेताना त्याचे सुटे आर्म आणि गिअर भारतात मिळतात ना, एवढं आधी तपासा. ते मिळत नसतील तर स्वस्त ट्रक महागात पडतो.

बाकीच्यांसमोर खरी निवड दुरुस्ती की ब्रशलेस, एवढीच उरते.

दुरुस्तीत पहिला मोह ॲल्युमिनियमच्या आर्मचा. आपल्याकडे वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत सीएनसी मशिनवर काम करणारा कुणीतरी ओळखीचा निघतोच आणि तो हौसेनं करूनही देतो. दिसतो सुंदर, पण मी तो बसवणार नाही. नायलॉनचा आर्म धडकेत वाकतो, परत जागेवर येतो, फार झालं तर तुटतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः टिकून धक्का आतल्या बल्कहेडकडे (आर्म ज्यावर बसतो त्या भागाकडे) सरकवतो. आर्म बदलायला चार स्क्रू, बल्कहेडसाठी अर्धा ट्रक खोलावा लागतो. आर्म लवचिकच हवा. धातू हवा तो सर्वोच्या गिअरमध्ये, आणि तिथेही सर्वो सेव्हर (धक्का गिळून सर्वोला वाचवणारा स्प्रिंगचा भाग) काढून टाकू नका. धातूत धातू बसणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला लावू नका.

दुसरा खर्च बेअरिंगचा. काळ्या रानातली उन्हाळी धूळ पिठासारखी असते आणि ती बेअरिंगच्या जागी बसवलेल्या तांब्या-पितळी बुश (साध्या कड्या) खाऊन टाकते. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग घाला. खेळून झालं की कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्याचा झोत मारू नका. काळी माती ओली झाली की फुगते आणि सांध्यात घट्ट बसते.

आता ब्रशलेस. फायदे खरे आहेत: घासून संपणारे ब्रश नाहीत, त्याच बॅटरीवर जास्त वेळ, आणि ताकद कितीतरी जास्त. पण आकडे नीट बघा. ३३०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे घेणारी) मोटर २-सेल लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर), म्हणजे ७.४ व्होल्टवर, बिनभाराची मिनिटाला सुमारे २४,४०० फेरे घेते. ३-सेलवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, सुमारे ३६,६००. गिअर तेच ठेवून वेग दीडपट झाला तर धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते. ज्या आर्मनं पहिल्या वेगाला मान टाकली, त्याचं पुढे काय होईल ते दिसतंच आहे. शिवाय मूळ ट्रकात प्लॅस्टिकचे ड्राइव्हशाफ्ट असतील तर तेही बदलावे लागतात, स्लिपर (जादा जोर आला की घसरणारा क्लच) नव्यानं जुळवावा लागतो. एकट्या मोटरीचा खर्च कधीच एकटा येत नाही.

आणि आपला उन्हाळा. डिसेंबरात २८ अंशांत जी मोटर ७० अंशांवर थांबते, ती मे महिन्यात ४२ अंशांत साधारण ८४ वर जाते. ८० च्या वर गेली की मी ट्रक थांबवतो. म्हणून ब्रशलेस केलीत तर पिनियन (मोटरीवरचा छोटा गिअर) एक-दोन दातांनी लहान लावा आणि २-सेलवरच राहा.

याहून स्वस्तात चपळपणा हवा असेल तर मोटर तीच ठेवा आणि ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीऐवजी २-सेल लायपो घ्या. भाराखाली तिचा व्होल्टेज निकेलइतका खाली येत नाही आणि ती वजनालाही हलकी. ईएससीला लायपो चालते ना आणि कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरला की मोटर थांबवणारी सोय) चालू आहे ना, हे आधी बघा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर, घरात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत कधीच नाही.

भाच्याच्या ट्रकाची चेसिस ओट्यावर सपाट बसली. त्याला नायलॉनचे दोन्ही आर्म, नवा शॉक टॉवर, धातूच्या गिअरचा सर्वो, सीलवाली बेअरिंग आणि २-सेल लायपो घेतली. पिनियन आणि त्याला लागून फिरणाऱ्या मोठ्या स्पर गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून अंतर जुळवलं. ब्रशलेसचं दिवाळीनंतर, सोयाबीन निघाल्यावर बघू, असं ठरलंय. तोवर एकही आर्म तुटला नाही तरच.