टू-व्हीलर विमा रिन्यूअल: शोरूम सोडून ऑनलाइन घेतलेल्या ओडी पॉलिसीचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी ३४९ सीसीची, पुण्यात नोंदवलेली, दोन वर्षं पूर्ण झालेली. नवी घेताना मिळालेली पाच वर्षांची थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, अजून चालू आहे. ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, दरवर्षी वेगळा घ्यावा लागतो. यंदा शोरूमचा कोट बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कंपनीची ओडी झिरो डेपसह, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणाऱ्या जादा कव्हरसह, ऑनलाइन घेतली. पॉलिसीने त्यानंतर एक पावसाळा आणि एक क्लेम पाहिला आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीचा अनुभव गॅरेज बदललं की बदलतो, आणि रिन्यूअलला तपासायच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात.

आधी पॉलिसीचा प्रकार, कारण सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०१९ पासून नुसती ओडी स्वतंत्र विकत मिळू लागली. म्हणजे गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर तुम्हाला फक्त ओडी हवी. पण अनेक साइटवर गाडीचा नंबर टाकला की आधी कॉम्प्रिहेन्सिव्हचे कोट येतात, त्यात थर्ड पार्टी पुन्हा धरलेली असते. १५० ते ३५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचे १,३६६ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १,६१२. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. ‘स्टँडअलोन ओन डॅमेज’ हा पर्याय शोधून निवडायचा. तिथे चालू थर्ड पार्टीचा पॉलिसी नंबर, कंपनी आणि संपण्याची तारीख विचारतात. ती जुन्या पीडीएफवरून बघून भरा. शोरूमच्या पॉलिसीवर ओडी आणि टीपीच्या (थर्ड पार्टीच्या) दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात आणि घाईत पहिलीच उचलली जाते.

पाच वर्षं झालेल्यांना दोन्ही लागतात, पण थर्ड पार्टीसाठी दहा ठिकाणी फिरण्यात अर्थ नाही. तो दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून ७५ सीसीपर्यंत ५३८, ७५ ते १५० ला ७१४, १५० ते ३५० ला १,३६६ आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. पल्सर १५० आणि एनएस १६० रस्त्यावर भावंडं दिसतात, थर्ड पार्टीत मात्र एक ७१४ च्या खान्यात आणि दुसरी १,३६६ च्या. कोटांमधला खरा फरक ओडी, अॅड-ऑन (झिरो डेपसारखी जादा कव्हर) आणि पर्सनल अॅक्सिडेंट या तीनच ओळींत असतो.

आता आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हीच रक्कम हातात येते. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षाला ५०. त्यापुढे विमा कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायचं. आपल्या उदाहरणात किंमत २,००,००० धरली तर आयडीव्ही १,४०,०००. साइटवर सर्वात स्वस्त म्हणून वर आलेला कोट बहुतेकदा खालच्या आयडीव्हीचा असतो. पट्टी सरकवून सगळ्या कोटांचा आयडीव्ही सारखा केल्याशिवाय तुलना करूच नये.

शिवाय आयडीव्ही कमी करून वाचतं तरी किती? जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे पूर्वी ठरवून दिलेल्या विमा दरांच्या तक्त्यात, पुणे-मुंबईसाठी या सीसीचा ओडी दर आयडीव्हीच्या १.७९३ टक्के आहे. त्यावर कंपनी सूट देते. ती ६० टक्के धरू, आणि दोन वर्षं क्लेम नसल्याचा २५ टक्के एनसीबी (नो क्लेम बोनस). दहा हजारांचा आयडीव्ही वाढवला तर १७९ रुपये, सुटीनंतर ७२, एनसीबीनंतर ५४, जीएसटी धरून ६३. म्हणजे साठ-पासष्ट रुपयांत चोरीच्या भरपाईत दहा हजारांची वाढ. आयडीव्ही खाली ओढून ‘तुमचे दोनशे वाचवले’ म्हणणाऱ्या एजंटाला हा हिशेब करून दाखवा.

झिरो डेप घ्यायचा की नाही, हे क्लेमच्या बिलावर ठरतं. साध्या ओडीत प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर सरसकट ५० टक्के कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही. धातूच्या पार्टवर वयानुसार: दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. रंगकामाच्या एकत्र बिलात २५ टक्के रक्कम मटेरियलची मानतात आणि तिच्या निम्मी कापतात. मजुरीवर घसारा नाही. समजा गाडी एका अंगावर पडली आणि बिल १४,००० झालं. त्यात प्लास्टिक ६,०००, धातू ४,०००, रंग २,०००, मजुरी २,०००. कपात अशी: ३,००० अधिक ६०० अधिक २५०, आणि दुचाकीला ठरलेले सक्तीचे १०० रुपये. एकूण ३,९५० खिशातून. झिरो डेप असेल तर हेच शंभरावर येतं, वर कंझ्युमेबल्स, म्हणजे ऑइल, ग्रीस, नट-बोल्ट, ज्यांना वेगळं अॅड-ऑन लागतं. हल्लीच्या गाड्यांत हेडलॅम्प, मीटर कन्सोल, साइड पॅनल, इंडिकेटर सगळं प्लास्टिकचं. पडल्यावर पहिला मार त्यांनाच. त्यामुळे पाच वर्षांपर्यंत झिरो डेप घ्यावा असंच माझं मत आहे. अटी मात्र वाचा. बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच झिरो डेप क्लेम देतात, आणि मागच्या वर्षी झिरो डेप नसेल तर या वर्षी नाकारतात किंवा गाडीची तपासणी मागतात. म्हणजे एक वर्ष काटकसर केली की पुढे परतीचा रस्ता बंद होऊ शकतो.

‘क्लेम करू नका, एनसीबी जाईल’ हा सल्ला कारच्या हिशेबातून आलेला आहे. एनसीबीच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एक क्लेम झाला की शून्य. पण तो सवलतीनंतरच्या ओडीवरच लागतो, आणि दुचाकीची ओडी मुळातच छोटी. वरच्याच गाडीला या वर्षी क्लेम झाला तर पुढच्या रिन्यूअलला ३५ टक्के जातील: आयडीव्ही १,२०,०००, ओडी सुटीनंतर ८६०, त्याचे ३५ टक्के ३०१, जीएसटीसह ३५५ रुपये. त्यानंतरच्या वर्षी ४५ ऐवजी २० मिळतील, मग ५० ऐवजी २५, आणि दरी बुजेपर्यंत सगळं मिळून नुकसान नऊशे-हजाराच्या आसपास. कंपनीची सूट ६० ऐवजी २० टक्के असेल तर दुप्पट धरा. तेव्हा एक तुटलेला लीव्हर आणि आरसा खिशातून करा; पाच हजारांचं बिल एनसीबीच्या भीतीने स्वतः भरू नका.

कंपनी बदलली तरी एनसीबी बरोबर येतो, कारण तो गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकली तर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. फॉर्मवर ‘मागच्या वर्षी क्लेम होता का’ या प्रश्नाला एजंट परस्पर ‘नाही’ टिक करतात. नवी कंपनी ते जुन्या कंपनीकडून पडताळते, आणि खोटं निघालं तर ओडीचा क्लेम अडतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तरी एनसीबी जातो. त्याआधीसुद्धा एक दिवसाचा खंड पडला की ओडीसाठी अॅपवरून गाडीचा व्हिडिओ मागतात: चारी बाजू, चासी नंबर, चालू मीटर. अंधाऱ्या पार्किंगमध्ये काढलेला व्हिडिओ परत येतो, म्हणून उजेडात काढा. थर्ड पार्टीच संपली असेल तर गाडी बाहेर काढू नये. दंड पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडल्यास ४,००० आणि तुरुंगवासाची तरतूदही आहे. त्याहून मोठा धोका म्हणजे अपघातात कोणाला लागलं तर भरपाई थेट मालकावर येते.

व्हॉलंटरी डिडक्टिबलला हात लावू नका. जुन्या टॅरिफप्रमाणे ३,००० रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली तर सूट जास्तीत जास्त २५० रुपये.

पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर १५ लाखांचं, मालक-चालकासाठी. तुमच्या दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत ते आधीच असेल, किंवा तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं डिक्लेरेशन टिक करायचं. शोरूमच्या पाच वर्षांच्या पॉलिसीत थर्ड पार्टी पाच वर्षांची पण हे कव्हर एकाच वर्षाचं, असं सर्रास आढळतं. जुनी पीडीएफ उघडून बघा.

पावसाळ्यात कळलेली गोष्ट इंजिन प्रोटेक्टरची. मुंबईतल्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर दाबला, तर सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या ओडीत हे ‘परिणामी नुकसान’ ठरतं आणि नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्टर असला तरी बुडालेली गाडी चालू करायचा प्रयत्न दिसला की सर्व्हेअर प्रश्न विचारतोच. गाडी ढकलत कोरड्या जागी आणा, इग्निशन बंद ठेवा, फोटो काढा, टेम्पोत घालून गॅरेजला न्या. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर पाणी आत गेलंय. उंचावर राहणाऱ्याला, पार्किंग कोरडं असणाऱ्याला हे अॅड-ऑन नाही घेतलं तरी चालेल. रोडसाइड असिस्टन्स शहरात उपयोगी पडतं, पण टोइंगला किलोमीटरची मर्यादा असते आणि ताम्हिणीत रेंजच नसते. त्यासाठी जास्त पैसे मोजायला नकोत.

क्लेमचा अनुभव एकूण बरा. अॅपवर नोंद, फोटो, गॅरेजचं एस्टिमेट, मंजुरी. ५०,००० च्या आतल्या दुचाकी क्लेमला बाहेरचा सर्व्हेअर सक्तीचा नाही, त्यामुळे फोटोंवरच काम होतं. म्हणूनच फोटो नीट हवेत: नंबर प्लेटसह पूर्ण गाडी, मग प्रत्येक तुटलेला पार्ट जवळून. मंजुरीआधी गॅरेजवाल्याला काही खोलू देऊ नका, आणि बदललेले जुने पार्ट कंपनी सांगेपर्यंत टाकू देऊ नका. अडचण आली ती कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनीने गॅरेजला परस्पर पैसे देण्यात. साइटवरच्या यादीत जवळचं गॅरेज होतं, प्रत्यक्षात त्यांचा करार दुचाकीसाठी नव्हता. पैसे आधी भरून नंतर मिळाले. रिन्यूअलच्या आधी तुमच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून ‘या कंपनीचं दुचाकीचं कॅशलेस करता का’ एवढं विचारा. शोरूमची महाग पॉलिसी घेण्याचं एकमेव खरं कारण हेच असू शकतं. तो फरक किती, हे बघून ठरवा. इथे दोन्ही कोटांत आयडीव्ही आणि अॅड-ऑन सारखे करूनही शोरूमचा बराच वर होता, कारण त्यांनी ओडीवर सूट जवळजवळ दिलीच नव्हती. ऑनलाइन कोट दाखवल्यावर शोरूमवाले खाली येतात, तेही करून बघा.

पीडीएफ आल्यावर लगेच इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडा, नावाचं स्पेलिंग आणि कर्ज असल्यास बँकेचं नावही. चूक असेल तर एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली दुरुस्ती, क्लेमच्या आधी करून घ्या. एमपरिवहन या सरकारी अॅपवर नवी पॉलिसी दिसायला काही दिवस लागू शकतात, तोवर पीडीएफ फोनमध्ये ठेवा. बाहेरून बसवलेले क्रॅश गार्ड, बॅग स्टँड, जादा एलईडी लाइट पॉलिसीत वेगळे लिहिले नसतील तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. खासगी पॉलिसीवर जेवण पोचवायचं काम करत असाल तर क्लेम अडू शकतो. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे विमा नियामक इर्डाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. लायसन्स मुदतीत नसेल तर मात्र अवघड.

चोरीचा क्लेम सर्वात लांबतो. एफआयआर, दोन्ही किल्ल्या, आरटीओला पत्र, सही केलेले फॉर्म २८, २९, ३०, आणि पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल, म्हणजे चोरी झाली पण तपास लागला नाही असा अहवाल, लागतो. दुसरी किल्ली हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच लेखी नोंदवून ठेवा.

तक्रार आधी कंपनीकडे, मग इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपाल, ज्यांचं कार्यालय पुण्यात आणि मुंबईतही आहे. फी लागत नाही. आणि पॉलिसी मध्येच नकोशी झाली, क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात ओडीचा हप्ता परत मागता येतो.

पुढच्या रिन्यूअलला कोट दीड महिना आधी काढणार, याच कंपनीचा आधी.