डिस्कसची पिल्लं वाढवायची तर बेअर बॉटम की प्लांटेड? सहा सांगलीत, सहा साताऱ्यात

मागच्या दिवाळीनंतर मी आणि माझ्या मेव्हण्यानं मिळून मुंबईहून डिस्कस या गोल, चपट्या माशाची बारा पिल्लं आणली, एकाच लॉटमधली, अडीच इंची. सहा माझ्याकडं सांगलीला राहिली, सहा तो साताऱ्याला घेऊन गेला. माझी टाकी तीन फुटी, तळाला नुसती काच (यालाच बेअर बॉटम म्हणतात), एक हीटर, दोन स्पंज फिल्टर, संपला विषय. त्याची चार फुटी, प्लांटेड, म्हणजे दोन इंच वाळू, ड्रिफ्टवूड (शोभेचं लाकूड), झाडं, वर भारीतला लाईट, म्हणजे पाहुणे आले की चहा विसरून टाकीच बघत बसतात अशी. माझी बघून तो म्हणाला, "दाजी, ही टाकी हाय का दवाखान्यातला वॉर्ड?" आणि खोटं कशाला बोलू, दिसते तशीच.

आता कुणी विचारलं की कुठली करू, तर मी आधी उलटं विचारतो, दुपारी घरात कोण असतं? लोकांना वाटतं मी विषय बदलतोय. पण सगळं तिथनंच सुरू होतं बघा. अडीच इंची पिल्लाला दिवसातनं चार-पाच वेळा थोडं थोडं खायला लागतं, आणि डिस्कसची मुख्य वाढ पहिल्या वर्षभरातच होते, त्या काळात पोट मारलं किंवा पाणी खराब ठेवलं तर नंतर कितीही लाड करा, मासा गोल ताटलीसारखा होतच नाही, अंग लांबट राहतं आणि डोळा अंगाच्या मानानं मोठा दिसतो. म्हणजे खाणं भरपूर द्यायचं, आणि भरपूर खाणं म्हणजे भरपूर घाण. ही घाण जाणार कुठं, एवढाच खरा फरक आहे दोन टाक्यांत.

माझ्याकडं काय होतं सांगतो. बाहेर देशात लोक बीफ हार्ट घालतात, आपल्या घरात तो विषय काढायचीच सोय नाही, मी कोळंबी सोलून, मधला काळा दोरा काढून, थोडा उकडलेला पालक घालून मिक्सरला फिरवतो आणि पिशवीत चपटं करून फ्रीझरला टाकतो (त्यासाठी मिक्सरचं वेगळं भांडं विकत घ्यावं लागलं, त्याआधी काय झालं ते विचारू नका). हा चुरा पाण्यात पडला की निम्मा माशांच्या तोंडात जातो आणि निम्मा तळाला. बेअर बॉटमला तो तिथं काचेवर गुलाबी ठिपक्यांसारखा दिसतो. पंधरा मिनिटं बघायची, राहिलं तर बारीक पाइपनं ओढून घ्यायचं. विष्ठा पण दिसते, आणि हे लोकांना किळसवाणं वाटेल पण पिल्लांची तब्येत तिथंच कळते, काळपट-तपकिरी असेल तर ठीक, पांढरी दोऱ्यासारखी लोंबायला लागली की समजायचं पोटात काहीतरी बिघडलंय. वाळूत यातलं काहीच दिसत नाही. साताऱ्याला तोच चुरा झाडांच्या बुडख्यात जाऊन बसायचा, वरनं टाकी आरशासारखी आणि पाइप खुपसला की पिवळा ढग. तळ ढवळावा तर मुळं उपटतात, म्हणून तो आठवड्यातनं दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलायचा आणि तळाला हात लावायचा नाही. मग घाण कमी व्हावी म्हणून खाणं कमी केलं. पाचाचं दोनवर आलं. चूक तिथं झाली, झाडांनी काही केलं नाही.

पाण्याचं गणित साधं आहे. माझ्या टाकीत साधारण 160 लिटर बसतं, रोज निम्मं बदलायचं म्हणजे 20 लिटरच्या चार बादल्या. गच्चीच्या जिन्यात 200 लिटरचा निळा ड्रम आहे, रात्री भरायचा, अँटीक्लोरीन टाकायचं, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडायचा, सकाळी तेच पाणी गरम करून वापरायचं. नळाचं पाणी थेट कधी ओतायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच, कृष्णा गढूळ झाली की नळाला क्लोरीनचा वास येतोच. साताऱ्यात त्याच्या भागात कास तलावाचं पाणी येतं, ते मुळात मऊ, डिस्कसला आवडणारं, म्हणजे त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा नशीबवान. बोअरचं पाणी असेल तर आधी टेस्ट करून घ्या, जड असलं तरी पिल्लं जगतात पण रोज वेगळं पाणी मिळालं तर नाही जगत. आणि वाळू टाकणारच असाल तर मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघा, फसफसली तर चुना आहे, ती नको.

झाडं घाणीतनं तयार होणारा विषारी अमोनिया खातात, मग पाणी आपोआप स्वच्छ राहील ना, हे मला प्रत्येकजण सांगतो. खातात की. पण पिल्लांना 29-30 डिग्री लागते आणि बहुतेक झाडांना 24-25 बरी. गरम पाण्यात ऑक्सिजन आणि सीओटू दोन्ही कमी विरघळतात, त्यामुळं झाडं रडत वाढतात, पानं कुजतात, आणि कुजलेलं पान म्हणजे परत घाणच. अनुबियास, अमेझॉन स्वोर्ड टिकतात. त्यानं हौसेनं लावलेली गवतासारखी कार्पेट झाडं महिन्यात गेली. वर रात्री झाडं पण ऑक्सिजनच घेतात, सकाळी लाईट लावायच्या आधी बघितलं तर मासे वरच्या बाजूला येऊन भराभर कल्ले हलवत असायचे, एअर पंप लावल्यावर थांबलं.

बरं, प्लांटेड सगळ्यात हरलं असं मात्र नाही. माझी पिल्लं पहिले आठ दिवस एका कोपऱ्यात गठ्ठा करून, अंगावर काळे पट्टे आणून उभी, जवळनं गेलं की काचेवर आपटायची. खालनं चमकतं ना, त्यांना तळच कळत नाही. शेवटी टाकीखाली बाहेरनं फिकट निळा कागद सरकवला आणि तीन बाजूंना पण लावला तेव्हा कुठं सुटी झाली. साताऱ्याची तिसऱ्या दिवशी हातातनं खात होती, लाकूड-पानांचा आडोसा मिळाला की मासा निवांत होतो, हे मान्यच करायला पाहिजे. पण त्यातच एक गंमत, पिजन ब्लड जातीची पिल्लं काळ्या तळावर, काळ्या बॅकग्राउंडवर ठेवली की अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके धरतात. त्याच्या दोन पिजन ब्लडची तोंडं मळलेली दिसतात, माझ्याकडचे त्याच जातीचे मासे स्वच्छ. जात घेताना हे बघा.

बेअर बॉटमची खोड म्हणजे ती चूक पोटात घालत नाही. जानेवारीत गावाला जायच्या गडबडीत मी दोन्ही स्पंज नळाखाली पिळून धुतले. स्पंजमधले घाण पचवणारे सगळे बॅक्टेरिया गेले. वाळू, लाकूड असतं तर तिथं तरी थोडे राहिले असते, इथं काचेला काय चिकटणार? परत आलो तर सहाच्या सहा काळीभोर, खाली मान घालून. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं, वाचली. तेव्हापासनं एका वेळी एकच स्पंज, तो पण टाकीच्याच पाण्यात.

औषधाच्या वेळी मात्र उघडी, म्हणजे बेअर बॉटम टाकी लई बरी, मीठ घाला, तापमान वाढवा, डोस लिटरवर मोजून द्या. झाडांत मीठ घालायला हात धजत नाही. हीटरचं लाईट बिल दोघांनाही येतंच, 200 वॉटचा हीटर थंडीत दिवसाला बारा तास चालला तर 2.4 युनिट.

सांगलीकरांसाठी अजून एक, साताऱ्यात हे कुणाला पटणार नाही. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा माझी जुनी प्लांटेड टाकी खालच्या मजल्यावर होती. नुसती वाळूच चाळीस किलोच्या वर, ओली. हलवणार कोण? 2021 ला परत पाणी चढायला लागलं तेव्हा उघडी टाकी होती, अर्ध्या तासात मासे बादलीत आणि टाकी वरच्या खोलीत.

पाच महिन्यांनी मोजली. माझी पाच सव्वाचार इंचाच्या आसपास, एक पावणेचार. त्याची तीन साडेतीनची, दोन तीनच्या आत, मोठ्या डोळ्यांची, आणि एक गेलं. खाणं पण कमी होतं त्याचं, त्यामुळं सगळा दोष वाळूला देत नाही मी.

तर रोज पाऊण तास आणि दुपारी खायला घालणारं माणूस असेल तर बेअर बॉटम करा, चार-साडेचार इंच होईपर्यंत, मग खुशाल झाडांत सोडा. हिरवं दिसल्याशिवाय करमत नसेल तर दह्याच्या मडक्यात एक स्वोर्ड लावून ठेवा, पाणी बदलताना मडकं उचललं की झालं, मी तेच केलंय. आणि रोज जमणारच नसेल तर पिल्लं घेऊच नका, थोडे पैसे साठवून पाच इंची मासे घ्या आणि थेट प्लांटेड करा, मोठ्यांना दोनदा खाणं पुरतं.

मेव्हण्यानं आता स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन फुटी उघडी टाकी मांडलीय, नव्या चार पिल्लांसाठी. दुपारचं खाणं सासूबाई घालतात, आणि "अगं, अजून एक चिमूट" म्हणत पाचाचं सात करतात.