द्राक्षबागेतील फवारणी तपासणारा पिवळा कागद

वॉटर सेन्सिटिव्ह पेपर या नावाने मिळणारा हा कागद दिसायला अगदी साधा असतो. त्याच्या एका बाजूला पिवळा गुळगुळीत थर असतो आणि त्यावर पाण्याचा थेंब पडला, की तिथे गडद निळा डाग उमटतो. द्राक्षबागेत ब्लोअरचे, म्हणजे पंख्याच्या हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राचे, कॅलिब्रेशन (मोजून केलेली जुळवणी) करताना मी तो नियमितपणे वापरतो आणि माझे मत सुरुवातीलाच सांगतो. फवारणीचे पाणी दाट पानोऱ्याच्या, म्हणजे वेलीवरच्या पानांच्या पसाऱ्याच्या आत, घडांपर्यंत आणि पानांच्या खालच्या बाजूला पोहोचले की नाही, हे दाखवणारे इतके सरळ साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही. मात्र नोझलचा प्रवाह आणि ट्रॅक्टरचा वेग न मोजता केवळ हा कागद लावला, तर त्याचा उपयोग निम्माही होत नाही.

म्हणून आधी मोजमाप करावे. नोंदवलेल्या गियरमध्ये, टाकी अर्धी भरलेली असताना आणि बागेतल्याच जमिनीवर, ५० मीटर अंतर कापायला किती सेकंद लागतात ते पाहावे. ३६ सेकंद लागले तर वेग ताशी ५ किलोमीटर होतो. त्यानंतर ब्लोअर जागेवर उभा ठेवून, पंखा बंद करून, प्रत्येक नोझलचे एका मिनिटाचे पाणी मापाच्या भांड्यात घ्यावे. सर्व नोझलचा मिळून मिनिटाचा प्रवाह लिटरमध्ये घेऊन त्याला ६०० ने गुणावे आणि वेग व ओळींतील अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. मिनिटाला २० लिटर, ताशी ५ किलोमीटर आणि ओळींत ३ मीटर अंतर असेल, तर हेक्टरी ८०० लिटर पाणी जाते. नव्या नोझलच्या ठरलेल्या प्रवाहापेक्षा एखादा नोझल १० टक्क्यांहून जास्त पाणी सोडत असेल, तर तो बदलावा. दाब कमी करून ती झीज झाकू नये. दाब वाढवून पाणी वाढवण्याचा मार्गही फसवा आहे, कारण प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट करावा लागतो आणि तेवढ्या दाबाला थेंब इतके बारीक होतात, की त्यातले बरेच लक्ष्यावर न बसता हवेत वाहून जातात.

एवढे झाल्यावर ब्लोअरमधून किती पाणी बाहेर पडते ते कळते. ते पाणी कुठे जाऊन बसते, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कागद देतो. टाकीत निव्वळ स्वच्छ पाणी घ्यावे, म्हणजे चाचणीनंतर लगेच ओळीत शिरून कागद काढता येतात. कागद वरच्या शेंड्यांजवळ, मधल्या पानांत आणि घडांच्या पट्ट्यात असे तिन्ही उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर बाहेरच्या तसेच आतल्या पानांवर लावावेत. पानाच्या दोन्ही बाजूंना एकेक कागद असणे फार महत्त्वाचे आहे. केवडा (डाउनी मिल्ड्यू) या रोगाचा संसर्ग पर्णरंध्रांतून होतो, द्राक्षाच्या पानात ही रंध्रे खालच्या बाजूला असतात आणि स्पर्शजन्य बुरशीनाशक जिथे पडते तेवढ्याच जागेचे रक्षण करते. वरून चकाकणारे ओले पान पाहून समाधान मानणाऱ्याला ही खालची बाजू दिसतच नाही.

या कागदाने दाखवलेली सर्वांत मोलाची गोष्ट हवेविषयीची आहे. बाहेरच्या पानांवरचे कागद पूर्ण निळे होऊन त्यांवरून पाणी ओघळलेले असते आणि आतले कागद जवळजवळ कोरे राहतात, तेव्हा पाणी वाढवण्याचा मोह होतो. पण पुष्कळदा दोष हवेच्या दिशेत किंवा वेगात असतो. हवेचा झोत फार जोराचा असला, की पाने एकमेकांवर कौलांसारखी चिकटून बसतात आणि आत जाण्याची वाटच बंद होते. तो फार मंद असला, तर थेंब पहिल्याच पानावर थांबतात. साध्या अक्षीय पंख्याची हवा एका बाजूला वर चढते आणि दुसऱ्या बाजूला खाली वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नोझल सारखेच लावलेले असूनही डाव्या आणि उजव्या ओळीचे कागद वेगळे दिसतात. अशा वेळी हवेला दिशा देणाऱ्या पट्ट्यांचा कोन बदलावा, पानोऱ्याच्या वरून जाणारा नोझल बंद करावा, ट्रॅक्टरचा वेग थोडा उतरवावा, आणि एका वेळी एकच बदल करून नवे कागद लावावेत. दोन बदल एकदम केले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

डागांचे वाचन करताना बुरशीनाशकांसाठी प्रति चौरस सेंटिमीटर ५० ते ७० आणि कीटकनाशकांसाठी २० ते ३० थेंब, हा सर्वसाधारण मार्गदर्शक आकडा धरतात. पुठ्ठ्यात एक चौरस सेंटिमीटरची खिडकी कापून आणि भिंग घेऊन ही मोजणी सहज होते. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी तयार केलेली डिपॉझिटस्कॅन ही संगणक प्रणाली स्कॅन केलेल्या कागदावरून हेच काम करते. माझ्या मते बागेतल्या निर्णयासाठी डोळ्यांनी केलेली तुलना बहुतेक वेळा पुरेशी ठरते, कारण आपल्याला नेमक्या आकड्यापेक्षा आत-बाहेर आणि वर-खाली किती फरक आहे, हे जाणून घ्यायचे असते.

कागदाच्या मर्यादा गंभीर आहेत आणि विकणाऱ्याने त्या सांगायला हव्यात. डाग मूळ थेंबापेक्षा बराच मोठा, अनेकदा जवळपास दुप्पट व्यासाचा उमटतो, त्यामुळे दिसणारे आच्छादन प्रत्यक्षापेक्षा अधिक वाटते. अतिशय बारीक थेंब नीट उमटत नाहीत. डाग एकमेकांत मिसळले, की मोजणीला अर्थ राहत नाही. मण्यावरील मेणचट लव आणि हा कागद यांचे पृष्ठभाग वेगळे असल्याने, थेंब मण्यावर पसरेल की घरंगळेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. प्रसारकाची, म्हणजे थेंब पसरवण्यासाठी फवारणीत मिसळायच्या द्रव्याची, निवड करण्यासाठी तो वापरू नये. किती औषध बसले, तेही तो सांगत नाही.

हाताळणीतही हा कागद फार नाजूक आहे. बोटांच्या घामाने तो निळा पडतो, म्हणून कोरडे हातमोजे घालावेत आणि मागच्या बाजूला जागेची नोंद पेन्सिलीने आधीच करून ठेवावी. पानांवरचे दव पूर्ण वाळल्याशिवाय तो लावू नये. दमट हवेत तो फवारणीपूर्वीच डागाळतो. फवारल्यानंतर डाग सुकू द्यावेत, लगेच छायाचित्रे घ्यावीत आणि कागद हवाबंद पिशवीत ठेवावेत. २६ बाय ७६ मिलिमीटरचा लहान आकार पानांसाठी योग्य वाटतो. मोठ्या आकाराच्या वजनाने कोवळे पान वाकते आणि चाचणीच खोटी होते. घडात लावण्यासाठी मी त्याचे आणखी लहान तुकडे कापतो. पुरेसे कागद घ्यावेत, कारण फुटी वाढत असताना, फुलोऱ्यापूर्वी आणि मणी एकमेकांना टेकण्याआधी, अशा प्रत्येक टप्प्यावर पानोरा बदललेला असतो आणि ब्लोअरची मांडणी पुन्हा तपासावी लागते.