पार्वाल्ब्युमिन-कॅल्बिंडिनची जोडी : माकडाच्या थॅलॅमसवर आठ महिने

मकाक माकडांच्या थॅलॅमसचे (मेंदूच्या आतलं, कॉर्टेक्सकडे संदेश पोचवणारं केंद्र) जपून ठेवलेले सेक्शन, म्हणजे पातळ काप, माझ्या हाती आले, तेव्हा कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या आवरणात) टोचलेला ट्रेसर, म्हणजे जोडण्या शोधायचं खुणेचं रसायन, उलट्या दिशेने वाहत थॅलॅमसच्या पेशींपर्यंत पोचलेला होता. खुणावलेल्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. त्या थॅलॅमसमधल्या कुठल्या न्यूक्लियसच्या, म्हणजे पेशीसमूहाच्या, एवढंच ठरेना. पेशींची शरीरं रंगवणारा निस्सल स्टेन पाहून सोमवारी काढलेली सीमा मला बुधवारी पटायची नाही. म्हणून शेजारच्या सेक्शनवर पार्वाल्ब्युमिन आणि कॅल्बिंडिन या कॅल्शियम बांधणाऱ्या दोन प्रथिनांना चिकटून ती दाखवणाऱ्या अँटिबॉडी वापरायला लागले, जोडीला सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमचा स्टेन.

सगळ्यात मोठा फायदा खालच्या पल्विनारमध्ये (थॅलॅमसचा मागचा, दृष्टीशी जोडलेला भाग) झाला. निस्सलमध्ये तो भाग सपाट, एकसारखा दिसतो. कॅल्बिंडिन लावलं की गडद पट्ट्यांमध्ये एक फिकट खिडकी उघडते, आणि तीच जागा सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये गडद येते. हाच पीआयएम, खालच्या पल्विनारचा मेडियल उपभाग. कॉर्टेक्सच्या हालचाल टिपणाऱ्या एमटी क्षेत्रात ट्रेसर टोचलेल्या माकडात पेशींचा दाट घोळका नेमका त्या खिडकीत सापडला, त्या संध्याकाळी मी बराच वेळ सूक्ष्मदर्शकापासून उठलेच नाही. दृष्टीच्या एलजीएन (लॅटरल जेनिक्युलेट) न्यूक्लियसमध्येही तसंच: सहा ठळक थर कुठल्याही स्टेनमध्ये दिसतात, पण थरांच्या फटींतल्या बारीक कोनियोसेल्युलर पेशी कॅल्बिंडिननेच मला नीट दाखवल्या.

स्पर्शाच्या व्हीपी (व्हेंट्रल पोस्टीरियर) न्यूक्लियसमध्ये मात्र मी फसले. पार्वाल्ब्युमिनचा गडद रंग म्हणजे पेशीही त्याच प्रथिनाच्या, असं धरून मोजणी केली. पण मेडियल लेम्निस्कसमधून, म्हणजे स्पर्शाचे संदेश वर आणणाऱ्या मार्गातून, येणाऱ्या तंतूंमध्येही पार्वाल्ब्युमिन असतं, आणि थॅलॅमसला वेढणाऱ्या रेटिक्युलर न्यूक्लियसच्या तंतूंमध्येही. पार्श्वभूमी त्यांच्यामुळेही गडद होते. मोठ्या भिंगाखाली पेशीचं शरीर पाहूनच निकाल द्यायचा. ती मोजणी पुन्हा केली. थॅलॅमसचे अभ्यासक एडवर्ड जोन्स यांनी १९९८ मध्ये मांडलेलं चित्र तेव्हा कुठे मला खरं उमगलं: पार्वाल्ब्युमिनच्या पेशी कॉर्टेक्सच्या मधल्या थरांना नेमक्या जागी जोडलेल्या, तर कॅल्बिंडिनच्या पेशी न्यूक्लियसच्या सीमा न जुमानता विखुरलेल्या आणि वरच्या थरांत दूरवर पसरणाऱ्या. एखादी पेशी यांतली कुठली, हे शेजारचा सेक्शन सांगत नाही. ट्रेसर आणि अँटिबॉडी एकाच पेशीत दिसावी लागतात.

एमडी (मेडिओडॉर्सल) न्यूक्लियसमध्ये या जोडीवर माझी भिस्त नाही. कडा हळूहळू विरतात. तिथे जोडण्याच जास्त बोलतात: मोठ्या पेशींचा मॅग्नोसेल्युलर भाग ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सकडे (डोळ्यांच्या खोबणींवरचा), लहान पेशींचा पार्वोसेल्युलर भाग डोर्सोलॅटरल प्रीफ्रंटलकडे (कपाळामागचा वरचा-बाजूचा).

हे काम सुरू करणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगते. फास्ट ब्लू हा चमकणारा ट्रेसर वापरला असेल, तर आधी फोटो आणि पेशींच्या जागांची नोंद. प्रकाशात तो फिका पडतो. ऊती टिकवण्यासाठी वापरलेलं ग्लुटारअल्डिहाइड जास्त असलेल्या ऊतीत माझं कॅल्बिंडिन फारच कमकुवत आलं. आणि प्रत्येक स्टेनमध्ये सेक्शन वेगवेगळे आकसतात, म्हणून बाह्यरेषेवर बाह्यरेषा ठेवू नका, रक्तवाहिन्यांची छिद्रं जुळवा. मला हे तिसऱ्या महिन्यात सुचलं, त्यामुळे आधीचे सगळे नकाशे आता पुन्हा जुळवायला घेतलेत.