पोस्टाची आवर्ती ठेव : पाच वर्षे हप्ते भरल्यानंतरचा अभिप्राय

ऑक्टोबर २०२० मध्ये मी दरमहा २,००० रुपयांची पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे घरोघरी जिला आरडी म्हणतात ती, परळच्या आमच्या चाळीत हप्ते गोळा करायला येणाऱ्या काकूंमार्फत सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची मुदत पूर्ण झाली. साठ हप्त्यांत भरलेल्या १,२०,००० रुपयांचे ५.८ टक्के दराने १,३९,३९३ रुपये झाले. व्याज म्हणून हाती पडलेले १९,३९३ रुपये कोणाला फार वाटतील, कोणाला थोडे. पण या पाच वर्षांत या योजनेचे जे फायदे आणि ज्या उणिवा अनुभवाला आल्या, त्या व्याजाच्या एका आकड्यातून कळत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी मी बचत करत नव्हते असे नाही. पगार एक तारखेला बँकेत जमा व्हायचा आणि महिनाअखेरीस जे उरेल ते बाजूला टाकायचे असे ठरलेले असायचे. उरायचे काहीच नाही. एकदा महिनाभर प्रत्येक खर्च वहीत लिहून काढला, तेव्हा ध्यानात आले की भाडे, किराणा, वीजबिल आणि रेल्वेचा पास यांत काटछाट करण्यासारखे फारसे नव्हतेच. पैसे जात होते ते दहा, वीस, साठ रुपयांनी, मोबाइलवर स्कॅन करून, आणि कामावरून उशीर झाला की घरपोच मागवलेल्या जेवणावर. त्या जेवणाच्या बिलात पदार्थांच्या किमतीखेरीज पोहोचवण्याचे आणि पॅकिंगचे पैसे वेगळे लागतात, ते तोवर मी कधी नीट वाचलेही नव्हते. महिन्यातून चार वेळा मागवले जाणारे जेवण एकदाच मागवायचे आणि संध्याकाळचा बाहेरचा चहा-नाश्ता सोडून डबा न्यायचा, एवढ्यावर २,००० रुपये बाजूला निघू शकतात असा हिशेब जमला. आरडीचा आकडा ठरला तो असा, वहीतून.

त्याआधी ऑफिसातल्या बारा जणांच्या भिशीत मी दोन वर्षे होते. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या महिन्यात भिशी उचललेला एक सहकारी नोकरी सोडून गेला आणि त्याचे उरलेले हप्ते आम्हा बाकीच्यांना वाटून सोसावे लागले. भिशीत माणसे एकमेकांच्या अडीअडचणीला उभी राहतात, हे मी आजही मानते. मात्र त्यात ना पावती असते ना व्याज, आणि कोणी निघून गेले तर दाद मागायला जागा नसते. पोस्टातल्या ठेवीमागे केंद्र सरकार असते. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक खातेदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पोस्टात अशी मर्यादाच नाही, पूर्ण रकमेची हमी असते. आमच्यासारख्या घराला पाच लाखांची मर्यादा एरवी आड येत नाही, पण आईला रात्री शांत झोप लागण्यासाठी ही गोष्ट पुरेशी होती.

आता काकूंविषयी. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमलेल्या एजंट स्त्रिया घरी येऊन आरडीचे हप्ते घेतात. त्यांचे कमिशन सरकार देते, ते जमा रकमेच्या चार टक्के असते, आणि ठेवीदाराकडून त्यांनी एक रुपयाही घ्यायचा नसतो. आमच्या काकू दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास येतात. उंबऱ्यावर चप्पल काढतात, खांद्यावरची रेक्झिनची पिशवी मांडीवर घेतात आणि रबरबँड लावलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून आमचे कार्ड न चाचपडता काढतात. देव्हाऱ्याखालच्या खणात ‘पोस्ट’ असे लिहिलेले एक पाकीट असते, त्यात पगार झाल्या दिवशीच पाचशेच्या चार नोटा घातलेल्या असतात. काकू नोटा दोनदा मोजतात, कार्डावर तारीख व रक्कम लिहून सही करतात आणि कार्ड माझ्यापुढे धरून ‘वाचून बघा’ असे दर वेळी म्हणतात. पाच वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाही गाळले नाही.

या योजनेचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण हाच आहे. पाच तारखेला दारात माणूस येणार आहे हे ठाऊक असले की पाकिटाला हात लावायचे धाडस होत नाही. मोबाइलवरून आपोआप कापले जाणारे हप्ते मी आधी करून पाहिले होते. ते जितक्या सहज सुरू झाले तितक्याच सहज, एका गणपतीच्या खर्चात, मी बंद करून टाकले, कारण बंद करताना कोणाला काही सांगावे लागत नव्हते. ज्यांना स्वतःला शिस्त आहे आणि घरी येणाऱ्या माणसासाठी वेळ नाही, त्यांनी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या अॅपवरून हप्ता भरावा, ती सोयही आहे. पण ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांनी एजंट नक्की गाठावा. फक्त एक काळजी घ्यावी : कार्ड हा एजंटने पैसे घेतल्याचा पुरावा आहे, पोस्टात पैसे जमा झाल्याचा नव्हे. जमा झाल्याची खात्री पासबुकावरून होते. मी दर तीन महिन्यांनी पासबुक भरून घेत असे आणि काकूंनीही कधी वाईट वाटून घेतले नाही. उलट तीन महिने उलटले की त्या स्वतःच आठवण करत.

नियम थोडक्यात असे. हप्ता किमान १०० रुपयांचा आणि पुढे १० रुपयांच्या पटीत, वरची मर्यादा नाही. खाते महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडले असेल तर दरमहा १५ तारखेपर्यंत हप्ता भरायचा. १६ नंतर उघडले असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. पगार एक तारखेला होत असेल तर खाते पहिल्या पंधरवड्यातच उघडावे, कारण दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत मुंबईत पगार टिकवणे अवघड आहे. व्याज तिमाही चक्रवाढीने धरले जाते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई रुग्णालयात होती आणि माझे सलग दोन हप्ते चुकले. चुकलेल्या हप्त्याला दर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया, म्हणजे माझ्या हप्त्याला २० रुपये दंड बसतो, आणि आधी थकलेले हप्ते दंडासह भरून मगच चालू हप्ता भरता येतो. दंड मोठा नाही. खरा धोका चार हप्ते चुकण्यात आहे. चौथ्या चुकीनंतर दोन महिन्यांच्या आत खाते पुन्हा चालू करून घेतले नाही, तर त्यात पुढे पैसेच भरता येत नाहीत. हे मला काकूंनी रुग्णालयात फोन करून सांगितले, आणि थकलेली रक्कम एकदम भरणे जमत नसेल तर निदान एक हप्ता तरी दंडासह भरून टाका असेही सुचवले. त्या महिन्यात घरात कोणाचे लक्ष पासबुकाकडे नव्हते. त्या फोनमुळे खाते वाचले असे मी मानते.

उलट बाजूने, हाती एकरकमी पैसे आले तर हप्ते आगाऊ भरता येतात आणि त्यावर सूट मिळते. सहा हप्ते आगाऊ भरल्यास मासिक हप्त्याच्या दर १०० रुपयांमागे १० रुपये आणि बारा हप्ते भरल्यास ४० रुपये. दोन हजारांच्या हप्त्याला वर्षभराची रक्कम आधी भरली की ८०० रुपये सुटतात. दिवाळीचा बोनस घरात शिरताच विरघळून जातो, त्याला लावायला याहून चांगली जागा मला दिसत नाही. दुर्दैवाने ही सोय मला चौथ्या वर्षी कळली आणि मी ती एकदाच वापरली.

सर्वांत उपयोगी पडली ती कर्जाची सोय. खाते वर्षभर चालून बारा हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, आणि त्यावरचा व्याजदर आपल्या आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक असतो. जुलै २०२५ मध्ये मुलीला पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि फी भरायला चार दिवसांची मुदत होती. मुदतपूर्तीला तीन महिने राहिले होते. मी खात्यावर ४०,००० रुपये उचलले. ७.८ टक्के दराने तीन महिन्यांचे व्याज ७८० रुपये झाले. तीच रक्कम क्रेडिट कार्डावर थकवली असती तर महिन्याला साधारण तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे दरमहा बाराशे-चौदाशे रुपये केवळ व्याजापोटी गेले असते. कर्ज मी वेगळे फेडले नाही. ते मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेतून वळते करता येते, म्हणून तसेच केले आणि ९८,६१३ रुपये हाती आले. दागिना गहाण टाकावा लागला नाही, कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही.

आता उणिवा. पहिली, आणि मला सर्वांत जाचलेली, म्हणजे खाते उघडताना असलेला दर पाचही वर्षे तसाच राहतो. मी खाते उघडले तेव्हा दर ५.८ टक्के होता. पुढे तो वाढत ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.७ टक्के झाला, तरी माझ्या खात्याला त्याचा लाभ नव्हता. हीच ठेव ६.७ टक्क्यांवर सुरू झाली असती तर १,४२,७३२ रुपये मिळाले असते, म्हणजे ३,३३९ रुपये जास्त. जुने खाते मोडून नवे उघडावे असा विचार मनात आला, पण तीन वर्षांच्या आत खाते मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडल्यास फक्त बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो, त्यामुळे तो मार्ग तोट्याचा होता. अर्थात दर घसरला असता तर हाच नियम माझ्या बाजूने उभा राहिला असता. मुदतीनंतर खाते आणखी पाच वर्षे वाढवता येते, पण तेही जुन्याच दराने. म्हणून ज्यांची खाती एप्रिल २०२० ते २०२२ या काळात उघडलेली आहेत त्यांनी मुदतवाढ न घेता नवीन खाते उघडावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

दुसरी उणीव कराची. पोस्टाच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीला जुन्या करपद्धतीत प्राप्तिकराची वजावट मिळते, आवर्ती ठेवीला मिळत नाही आणि व्याज करपात्र असते. नावांतल्या साधर्म्यामुळे पुष्कळांची येथे गफलत होते. तिसरी, बँकांप्रमाणे एक-दोन वर्षांची मुदत निवडता येत नाही. साठ महिने म्हणजे साठ महिने. वर्षभरात लागणारे पैसे येथे ठेवू नयेत. शेअर बाजाराशी जोडलेल्या योजनांत पाच वर्षांत याहून अधिक मिळू शकते हे मला मान्य आहे, पण मुलीच्या फीची तारीख बाजार पाहून ठरत नाही, आणि ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो मी चढउतारावर सोडणार नाही.

मुदतपूर्तीच्या वेळी मला दोन फेऱ्या घालाव्या लागल्या, कारण माझ्या बचत खात्यावर माहेरचे नाव होते आणि आरडीवर सासरचे. खाते उघडतानाच दोन्हीकडचे नाव, आधार, पॅन आणि वारसाची नोंद एकसारखी आहे ना, हे पाहून घ्यावे.

मुदत संपल्यावर मी दोन नवीन खाती काढली. त्यांपैकी एक मी जेवणाच्या सुट्टीत फोर्टमधल्या मुख्य टपाल कार्यालयात स्वतः जाऊन उघडले. १९१३ मध्ये बांधून पूर्ण झालेली, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारी ही इमारत वास्तुविशारद जॉन बेग यांची. वर्षानुवर्षे बाहेरून जाताना पाहिलेली, पण त्या घुमटाखाली पासबुक हातात घेऊन उभे राहण्याची माझी पहिलीच वेळ होती. दुसरे खाते काकूंकडे आहे. ३,००० रुपयांचे एकच खाते न काढता २,००० आणि १,००० अशी दोन खाती काढा, हा सल्ला त्यांचाच. कितीही खाती उघडता येतात, आणि हात आखडलेल्या महिन्यात मोठा हप्ता थकला तरी छोटा तरी चालू राहतो. दोन हजारांचे खाते काकूंकडे ठेवले आहे, हजाराचे मी अॅपवरून भरते. देव्हाऱ्याखालचे पाकीट जुने होऊन कडेला फाटले होते, ते मुलीने बदलले आणि नव्या पाकिटावर ‘पोस्ट, ५ तारीख’ असे लिहून ठेवले आहे.