मुलाखती उतरवून देणारं ॲप: घ्या, पण 'नीटनेटकं करा' बंद ठेवून

मी जुन्या गिरणी कामगारांच्या मुलाखती ऐकून शब्दशः उतरवते. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पूर्वी अख्खा दिवस जायचा. 2022 मध्ये ओपनएआयनं व्हिस्पर हे बोलणं लिहून घेणारं मॉडेल सर्वांना खुलं केलं, त्यानंतर अशी ॲप भराभर आली. त्यातलं एक, महिन्याच्या वर्गणीचं, मी घेतलंय. पाचपैकी तीन तारे.

आधी चांगलं सांगते. तासाभराची फाइल चहा होईतो उतरून मिळते. शब्दावर टिचकी मारली की नेमका तिथलाच आवाज वाजतो, तपासणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. लालबाग, परळ, डॉ. दत्ता सामंत, संपाची 18 जानेवारी 1982 ही तारीख, हे बहुधा बिनचूक येतं. सावकाश, प्रमाण मराठी बोलणारं कोणी असेल तर निम्मं काम वाचतं.

पण माझी माणसं तशी बोलत नाहीत. कुणी कोकणातून आलेलं, कुणी घाटावरून. एक आजोबा म्हणाले, "मी त्रासनखात्यात होतो." ॲपनं लिहिलं, "मी त्रासात होतो." सूतकताईचं खातं गेलं आणि तिथे दुःख आलं! टायपिंगची चूक डोळ्याला खुपते, ही खुपत नाही, कारण वाक्य अगदी सरळ आहे. आवाज न ऐकता नुसतं वाचणारा ती हमखास सोडून देणार.

घरातली भांडी विकल्याचं सांगताना एक आजी बराच वेळ गप्प झाल्या. त्या जागी ॲपनं चक्क एक वाक्य घातलं, त्या कधी बोलल्याच नव्हत्या ते. असं होऊ शकतं हे जाणकारांना ठाऊक आहे: 2024 मध्ये अमेरिकी संशोधकांनी व्हिस्परचं काम तपासलं, तेव्हा सुमारे 1 टक्का ध्वनिफितींत न बोललेला मजकूर सापडला, आणि वाचाघातामुळे अडखळत बोलणाऱ्यांच्या बाबतीत प्रमाण जास्त होतं.

मला सगळ्यात राग येतो तो 'नीटनेटकं करा' या सोयीचा. "आमी काय खाल्लं ते आमचं आमाला ठावं" याचं ती "त्या काळात आम्हाला आर्थिक अडचणींचा सामना करावा लागला" करते. माणूसच पुसून टाकते. आणि ही सोय सुरुवातीपासून चालूच असते, सेटिंगमध्ये शोधून बंद करावी लागते. ते पहिलं काम करा.

दराचंही बोलायला हवं. काम देणारे आता म्हणतात, "मसुदा तयार आहे ताई, तुम्ही नुसती नजर फिरवा," आणि मुद्रितशोधनाचा दर लावतात. नजर फिरवून त्रासनखातं सापडत नाही, त्यासाठी फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागते. मी दर आता ध्वनिमुद्रणाच्या तासावर सांगते, पूर्ण ऐकण्यासकट, आणि या कामातल्या इतरांनीही तसाच सांगावा.

नाव न छापण्याच्या अटीवर दिलेल्या मुलाखती मी या ॲपवर चढवत नाही, कारण फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जाते. त्यांच्यासाठी व्हिस्पर स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालवता येतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर वेळ बराच लागतो, पण आवाज घरातच राहतो.