साडेसहा हजार दिले, पण माप कुणी घेतलंच नाही

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक तिथल्या नव्या मॅडमचा आहे, त्यांचं पुढे सांगते. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण वाढवायचं नाही. पण पोरगं ‘मला गणितच करायचंय’ म्हणत असेल आणि तुम्ही करिअर समुपदेशनाचे पैसे भरायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

मी कराडला शिवणकाम करते. लेक बारावीला होती. तिला इंजिनिअरिंग नको, मेडिकल नको, नुसतं गणित हवं. घरात कुणाला त्यातलं कळेना. नणंदेने पुण्यातलं हे सेंटर सुचवलं. फी ६,५०० रुपये. एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेट गाठलं.

जागा झकास. एसी, मऊ खुर्च्या, काचेच्या कपातली कॉफी. लेकीला कॉम्प्युटरसमोर बसवून दीडेक तास टेस्ट घेतली. ‘मला चारचौघांत बोलायला आवडतं’, ‘मी निर्णय पटकन घेते’, असे प्रश्न. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आई, गणिताचं एकच होतं, आकड्यांची मालिका पूर्ण करा.”

मग सर आले. हातात ४२ पानांचा गुळगुळीत रिपोर्ट, पानोपानी रंगीत गोल. तर्कशक्ती ९२ टक्के. लेकीचं आडनाव चुकलेलं, पण ते सोडून देऊ. निष्कर्ष काय, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नाहीतर डेटा सायन्स, आणि हट्टच असेल तर बीएस्सी करून एमबीए. मी विचारलं, “आणि शिक्षक?” सर हसले. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते हसू मला अजून बोचतंय.

लेकीने विचारलं, “सीएमआय की आयएसआय?” मला तोवर आयएसआय म्हणजे माझ्या इस्त्रीवरचा छाप. सर म्हणाले, ते कोलकात्याचं, स्टॅटिस्टिक्सवाल्यांचं, लांब पडेल. हे अर्धंच खरं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, महालनोबीसांनी १९३१ साली कोलकात्यात काढलेली ती संस्था. तिथे बीस्टॅट ही संख्याशास्त्राची, म्हणजे स्टॅटिस्टिक्सची पदवी असते, पण त्याच संस्थेचं बीमॅथ बंगळुरूला आहे, निव्वळ गणितासाठी. सीएमआय, म्हणजे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, रिपोर्टात जेईईच्या रकान्यात टाकलेली. तिथे जेईई चालत नाही, त्यांची स्वतःची परीक्षा असते, मेमध्ये. आणि पुण्यातल्या पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेपुढे ‘अत्यंत अनुकूल’ असा शिक्का. आयसरच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे पंधरा-पंधरा. माझ्या लेकीने जीवशास्त्र अकरावीलाच सोडलेलं. हे एका ओळीत विचारता आलं असतं, ४२ पानं कशाला लागतात?

सगळ्यात वाईट म्हणजे सर म्हणाले, “निकाल लागू दे, जूनमध्ये बघू.” आम्ही निवांत कराडला परतलो. सोमवारी ज्युनिअर कॉलेजच्या गणिताच्या सरांना तिने सहज सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. आयएसआयचा फॉर्म बंद होऊन आठवडा झाला होता. म्हणजे आम्ही त्या मऊ खुर्च्यांवर बसलो तेव्हाच ती गाडी सुटलेली. सीएमआयचा फॉर्म चालू होता, तो त्याच रात्री दुकानाच्या मोबाइलवरून भरला.

या कॉलेजच्या सरांनी जे केलं त्याचे पैसे मात्र कुणी घेतले नाहीत. त्यांनी आयएसआयच्या जुन्या पेपरातलं एक गणित तिला दिलं. त्या परीक्षेत एक पेपर पर्यायांचा आणि दुसरा लेखी, त्यात उत्तर काढून भागत नाही, ते का बरोबर ते सिद्ध करावं लागतं. म्हणाले, आठवडाभर ठेव जवळ. चौथ्या दिवशी विचारलं, सुटलं का? ती नाही म्हणाली. “मग पुन्हा बसलीस का?” ती रोज बसत होती. माझ्या मशिनशेजारी, चिंध्यांच्या ढिगावर वही ठेवून. सर म्हणाले, हिला गणिताला पाठवा. मला तिथे कळलं की माप असं घेतात. गिऱ्हाइकाच्या आवडीचा रंग विचारून कुणी ब्लाऊज बेतत नाही.

आता त्या नव्या मॅडमचं. फीमध्ये दुसरी भेट होती, ती मेअखेरीस घेतली. सेंटरचे सर रजेवर, म्हणून एक तरुण मॅडम बसल्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला. पदवीला गणितासोबत संख्याशास्त्र ठेव म्हणाल्या. यूपीएससी इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस या सरकारी सेवेची परीक्षा घेते, तिला पदवीत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो, नाहीतर पुढची पदवी तरी संख्याशास्त्रातली. नुसतं गणित केलेल्याला ते दार बंद. आमच्या भाषेत शिलाईत माया ठेवायची, अंग भरलं की उसवता येतं.

रिपोर्टात अ‍ॅक्चुअरीपुढे नुसतं ‘सर्वाधिक पगार’ छापलेलं. मॅडमनी नीट सांगितलं. विमा कंपन्यांचं जोखमीचं गणित करणारा तो माणूस. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देता येते, पण पुढे पेपरमागून पेपर, नोकरी करत करत, वर्षं जातात. शाळेत शिकवायचं तर बीएड आणि टेट ही शिक्षकांची परीक्षा, कॉलेजात तर एमएस्सीनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. मी म्हटलं, माझा भाचा सेट होऊन तासिका तत्त्वावर आहे, दिवाळीत घरी पैसे मागतो. त्या म्हणाल्या, ते तसंच आहे काकू, खोटं सांगत नाही. मात्र नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर संशोधन करतानाच महिन्याला ३७,००० मिळतात, हेही त्यांनीच सांगितलं. पाऊण तासात कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. तो कागद मी फ्रेम केला नाही एवढंच.

सीएमआयचं जमलं नाही. लेक दोन दिवस जेवली नाही, मग उठली. आता ती फर्ग्युसनला गणित घेऊन बीएस्सी करतेय, संख्याशास्त्र सोबत आहे. रँग्लर परांजपे तिथेच प्राचार्य होते, आणि ६१७४ या आकड्याची गंमत शोधणारे देवळालीचे कापरेकर गुरुजी तिथेच शिकले, हे ती मला फोनवर ऐकवते. कापरेकर आयुष्यभर शाळामास्तर होते. ते हसणारे सर भेटले तर त्यांना हे सांगायचं आहे.

बारावीला गणितात ९७ होते. पहिल्या सहामाहीत अ‍ॅनालिसिस या गणितातल्या विषयाने तिला रडवलं. एप्सिलॉन-डेल्टा म्हणे. एवढंसं अंतर मनात धरायचं आणि त्याहून जवळ जाता येतं हे पटवून द्यायचं. मी म्हटलं, म्हणजे फिटिंगच की! ती हसली, पण गणित सुटलं नाही. शाळेचं गणित आणि हे गणित यात फरक आहे, ही गोष्ट तरी रिपोर्टात हवी होती. त्या पानांवर ती कुठेच नाही. आता तिला उन्हाळ्यातल्या एमटीटीएस या गणिताच्या शिबिराचा अर्ज करायचाय, १९९३ पासून चालतं ते, चार आठवडे नुसतं गणित.

मी सेंटरला फोन करून निम्मे पैसे परत मागितले. निदान जेईईच्या चुकीचे तरी. रिसेप्शनवरची मुलगी फार गोड बोलली. पैसे परत होत नाहीत काकू, पण धाकट्यासाठी ५० टक्के सवलतीचं कूपन देते. धाकटा आठवीत आहे, त्याला एसटीचा ड्रायव्हर व्हायचंय. कूपन मशिनच्या खणात बॉबिनबरोबर पडलंय, मार्चपर्यंत चालतं. आणि त्या मॅडमना विचारलं, तर त्यांनी सेंटर सोडलंय म्हणे. त्या आता कुठे बसतात ते कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा, शेजारच्या जाऊबाईंचा मुलगा अकरावीला आहे.